उघड्या माळाचे क्रमिक पुस्तक



मुलांसाठी लिहिलेली बहुतेक पुस्तके मुलाला एका जागी बसवण्यासाठी असतात. धडा असो, कविता असो वा गोष्ट असो, पुस्तक उघडले की मूल स्थिर व्हावे, हीच लिहिणाऱ्याची अपेक्षा. ज्या पुस्तकाविषयी आज बोलावयाचे आम्ही योजले आहे त्याची जात निराळी आहे. ते वाचून मुलाने बसावयाचे नाही, उठावयाचे आहे. पुस्तक मिटून घराबाहेर पडावयाचे, आणि बाहेर पडल्यावर काय पाहावे, कोठे निजावे, चूल कशी पेटवावी, अंधारात वाट चुकली तर तारे पाहून दिशा कशी ठरवावी, हे त्यातून शिकावयाचे आहे. इंग्लंडमध्ये 1908 साली निघालेले ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हे ते पुस्तक, आणि रॉबर्ट बेडन-पॉवेल हे त्याचे कर्ते. ज्यांना आपण बालवीर म्हणतो त्यांची जगभरची चळवळ या एका पुस्तकातून उगवली.

बेडन-पॉवेल यांचे चरित्र पुष्कळांनी पुष्कळ वेळा सांगितले आहे. ते पुन्हा सांगण्याचा आमचा हेतू नाही. आम्हांला दोनच गोष्टींचा विचार करावयाचा आहे. मुलांना रानात नेणारे पुस्तक तयार कसे होते, ही पहिली. आणि तसे पुस्तक एकदा तयार झाल्यावर ते कोणाचे असते, ही दुसरी. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला इंग्लंड सोडून खडकीच्या छावणीपर्यंत यावे लागेल. कारण हे पुस्तक ज्यांच्यासाठी लिहिले नव्हते अशा मुलांतच त्याची खरी परीक्षा झाली.

या पुस्तकाचे मूळ लढाईत आहे, आणि तेही काही अंशी हिंदुस्थानात आहे. 1857 च्या फेब्रुवारीत लंडनमध्ये जन्मलेले बेडन-पॉवेल 1876 साली घोडदळाच्या तेराव्या हुसार पलटणीत अधिकारी होऊन लखनौस आले. वडील ऑक्सफर्डला भूमितीचे प्राध्यापक होते. पण मुलगा तीन वर्षांचा असतानाच ते वारले. शाळेत असताना या मुलाला वर्गापेक्षा शाळेलगतच्या झाडीत अधिक गोडी. शिक्षकांची नजर चुकवून तेथे लपावे, ससे पकडावेत, धूर न होऊ देता शेकोटी करून ते शिजवावेत, असा त्याचा खाक्या. सैन्यात गेल्यावर याच आवडीचे कामात रूपांतर झाले. शत्रूच्या मुलखात शिरून, न दिसता, बातमी घेऊन परत येणे म्हणजे टेहळणी. आपल्याकडे बहिर्जी नाईकांचे नाव ज्या विद्येसाठी घेतात तीच ही विद्या. 1897 मध्ये बेडन-पॉवेल मीरतेस एका पलटणीचे प्रमुख झाले, तेव्हा त्यांनी शिपायांच्या लहान लहान टोळ्या करून त्यांना ही विद्या शिकवण्यास आरंभ केला. हुकुमाची वाट न पाहता स्वतःच्या डोळ्यांनी पाहून निर्णय घेणारा शिपाई त्यांना हवा होता. त्या शिकवणीतून ‘एड्स टु स्काउटिंग’ हे छोटेखानी लष्करी पुस्तक झाले आणि ते 1899 साली प्रसिद्ध झाले.

त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटले आणि मॅफेकिंग या आडगावी बेडन-पॉवेल वेढ्यात सापडले. ऑक्टोबर 1899 ते मे 1900, असा 217 दिवस तो वेढा चालला. गाव पडले नाही आणि इंग्लंडमध्ये या माणसाचे नाव घरोघर झाले. त्या गावात एक गोष्ट घडली, तिचा आपल्या विषयाशी संबंध आहे. शिपाई कमी पडत म्हणून गावातील नऊ-दहा वर्षांपासूनच्या गोऱ्या मुलांची एक तुकडी करण्यात आली आणि निरोप पोहोचवणे, पहाऱ्यावर बसणे ही कामे तिच्याकडे दिली. मुलांनी ती चोख केली. लहान मुलावर खरी जबाबदारी टाकली तर ते ती पेलते, हे बेडन-पॉवेल यांनी तेथे पाहिले. त्याच वेढ्यात गावातील आफ्रिकन रहिवाशांच्या वाट्याला गोऱ्यांपेक्षा पुष्कळच कमी धान्य आले आणि त्यांच्यापैकी अनेकजण भुकेने मेले, हेही पुढच्या इतिहाससंशोधकांनी दाखवून दिले आहे. जबाबदारीवर विश्वास ठेवणारा हा माणूस माणसामाणसांत रंगाची भिंतही मानीत होता. या दोन्ही गोष्टी आपण शेजारी शेजारी ठेवू. पुढे त्यांचा उपयोग होणार आहे.

युद्धाहून परत आल्यावर बेडन-पॉवेल यांना एक गंमत आढळली. त्यांचे शिपायांसाठी लिहिलेले पुस्तक शाळामास्तर आणि शिक्षिका वाचीत होत्या! निरीक्षण कसे करावे, पावलांच्या खुणांवरून अनुमान कसे बांधावे, हा त्यातील भाग मुलांना शिकवण्यास उपयोगी पडत होता. शार्लट मेसन या नामांकित शिक्षणतज्ज्ञ बाई अँबलसाइड येथे शिक्षिका तयार करीत असत. त्यांच्या संस्थेत हे पुस्तक अभ्यासास होते. पुढे फील्डमार्शल झालेले अ‍ॅलनबी यांची एक हकीकत सांगतात. ते घोड्यावरून घरी येत असता झाडावरून त्यांचा लहान मुलगा ओरडला की बाबा, तुम्ही गोळीच्या टप्प्यात होता आणि तुम्ही वर पाहिलेच नाही. अ‍ॅलनबींनी वर पाहिले तो त्याच झाडावर, मुलाच्याही वरच्या फांदीवर, त्याची शिक्षिका बसलेली! ती अँबलसाइडच्या संस्थेत शिकलेली होती.

त्या वेळी इंग्लंडात एक काळजीही पसरली होती. बोअर युद्धासाठी भरती होऊ पाहणारे कितीतरी शहरी तरुण अशक्त म्हणून परत पाठवावे लागले होते. गिरण्यांच्या शहरांतील पिढी खुरटत चालली आहे काय, याची चौकशी करण्यासाठी सरकारने एक समितीही नेमली आणि 1904 साली तिचा अहवाल आला. याच वर्षी ग्लासगो येथे ‘बॉइज ब्रिगेड’ या संघटनेच्या मुलांची कवाईत पाहावयास बेडन-पॉवेल गेले. या संघटनेचे संस्थापक विल्यम स्मिथ यांनी त्यांना सुचवले की, तुमचे टेहळणीचे पुस्तक मुलांसाठी नव्याने लिहा. बेडन-पॉवेल यांना हे पटले. मुलांना कवाईत फारशी रुचत नाही, पण शोध रुचतो, हे त्यांच्या ध्यानात आले होते.

येथे एका दुसऱ्या माणसाचे ऋण सांगितले पाहिजे. मुलांना रानात नेण्याची कल्पना बेडन-पॉवेल यांच्या आधी अमेरिकेत अवतरली होती. डॅनियल बिअर्ड यांनी 1882 सालीच पतंग, होड्या, झोपड्या असे सारे आपल्या हातांनी करण्याचे एक पुस्तक मुलांसाठी काढले होते. चित्रकार आणि निसर्गलेखक अर्नेस्ट थॉम्प्सन सेटन यांची गोष्ट तर फारच मनोरंजक आहे. कनेक्टिकट येथील त्यांच्या जागेच्या कुंपणाची गावातील पोरे नासधूस करीत. सेटन यांनी पोलिसांना न बोलावता त्या पोरांनाच आपल्या रानात मुक्कामाला बोलावले, शेकोटीभोवती गोष्टी सांगितल्या, त्यांच्या टोळ्या केल्या, आणि पोरांनाच आपले नायक निवडावयास सांगितले. ही 1902 मधील घटना. आपल्या या पद्धतीचे पुस्तक सेटन यांनी 1906 साली बेडन-पॉवेल यांना पाठवले आणि त्याच वर्षी लंडनला दोघांची भेट झाली. आपल्या कल्पना घेतल्या पण श्रेय पुरेसे दिले नाही, अशी तक्रार सेटन पुढे करीत राहिले. ती अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही.

मात्र बेडन-पॉवेल यांनी एक गोष्ट अशी केली की जी ग्रंथकार सहसा करीत नाहीत. पुस्तक छापण्यापूर्वी त्यांनी ते मुलांवर तपासून पाहिले. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पूल नावाचे बंदर आहे. त्या खाडीत ब्राउनसी नावाचे झाडीने भरलेले बेट आहे. 1907 च्या ऑगस्टमध्ये त्या बेटावर वीस-बावीस मुले घेऊन त्यांनी एक आठवडा तंबू ठोकले. मुलांची निवड हेतुपूर्वक केलेली होती. काही मुले ईटन, हॅरो अशा श्रीमंतांच्या शाळांतील, तर काही पूल आणि बोर्नमथ या गावांतील बॉइज ब्रिगेडची, साध्या कामकरी घरांतील. श्रीमंत मुलांकडून एक पौंड घेतला, बाकीच्यांकडून साडेतीन शिलिंग. मग सर्वांना एकत्र मिसळून चार टोळ्या केल्या. लांडगा, बैल, डोमकावळा आणि कर्ल्यू हा पाणथळीतील लांब चोचीचा पक्षी, अशी त्यांची नावे. प्रत्येक टोळीस तिच्यातलाच एक मुलगा नायक, आणि टोळीच्या वागणुकीची जबाबदारी त्याच्यावर.

शिकवण्याची रीत अशी होती. रात्री शेकोटीभोवती गोष्टीच्या ओघात विषय सांगावयाचा, सकाळी तो करून दाखवावयाचा, मग मुलांनी तो करून पाहावयाचा, आणि दुपारी त्यावरच एखादा खेळ खेळावयाचा. माग काढणे आज सांगितले की उद्या वाळूतील पाऊलखुणा पाहून कोण धावत गेला व कोण चालत गेला ते ओळखावयाचे. रोज रात्री एक टोळी पीठ, बटाटे, मांस, आगपेटी आणि घोंगड्या घेऊन बेटाच्या एका कोपऱ्यात जाई, स्वतः शिजवून खाई, पहारे बसवी, आणि बेडन-पॉवेल स्वतः अंधारातून चोरपावलांनी त्यांच्यावर चालून जात. पहारेकऱ्याने त्यांना पकडले तर मुलांच्या आनंदास पारावार राहत नसे. आठवड्याअखेर श्रीमंत मूल कोणते आणि कामकऱ्याचे कोणते हा भेद टोळीपुरता तरी उरला नाही. वर्गभेदाने पोखरलेल्या त्या काळच्या इंग्लंडात ही लहान गोष्ट नव्हती.

या अनुभवावरून मग पुस्तक लिहून झाले. त्यातील काही भाग त्यांनी लंडनजवळ विंबल्डनच्या माळरानावर पवनचक्कीशेजारच्या घरात लिहिला. प्रकाशक होते आर्थर पिअर्सन. शहरांतील गरीब मुलांना एक दिवस मोकळ्या हवेत नेण्यासाठी त्यांनी 1892 पासून एक निधी चालवला होता. पुस्तक एकदम न काढता जानेवारी 1908 पासून दर पंधरवड्यास एक, असे सहा भागांत काढले. एका भागाची किंमत चार पेन्स. त्याची मांडणीही पाहण्यासारखी होती. प्रकरणांना प्रकरण न म्हणता ‘शेकोटीच्या गप्पा’ म्हटले. परिच्छेद लहान, चित्रे लेखकाच्याच हातची, प्रत्येक गप्पेला जोडून करून पाहावयाच्या गोष्टी आणि खेळ. मुखपृष्ठावर खडकाआड पालथा पडून समुद्राकडे रोखून पाहणारा एक मुलगा. त्याची टोपी आणि काठी शेजारी पडलेली. त्याला काय दिसले, हे पाहणाऱ्याने ओळखावयाचे. म्हणजे पुस्तक उघडण्यापूर्वीच निरीक्षणाचा धडा सुरू!

आता या पुस्तकाचे पुढे काय झाले ते पाहावे. नवी संघटना काढण्याचा बेडन-पॉवेल यांचा मूळ बेत नव्हता. त्या वेळच्या संघटनांनी हे पुस्तक वापरावे एवढीच त्यांची कल्पना होती. पण पुस्तक मुलांच्या हाती पडले आणि गावोगावची मुले आपापल्या टोळ्या जमवून, काठ्या घेऊन, रुमाल बांधून रानाकडे निघाली. आधी टोळ्या झाल्या, मग त्यांना सांभाळण्यासाठी संघटना उभारावी लागली. 1909 च्या सप्टेंबरमध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे मेळावा भरला तेव्हा दहा हजारांवर मुले लोटली. आणि त्यांत एक अनपेक्षित पाहुण्यांचा घोळका होता. काही मुली बालवीरांच्या वेषात येऊन उभ्या राहिल्या होत्या! पुस्तकाच्या नावातच ‘मुलग्यांसाठी’ असे होते. परंतु मुलींनी ते वाचले होते, आणि वाचल्यावर त्या घरात बसल्या नाहीत. 1910 साली बेडन-पॉवेल यांच्या भगिनी अ‍ॅग्नेस यांच्या नेतृत्वाखाली मुलींसाठी ‘गाइड’ची वेगळी संघटना निघाली. लेखकाने लावून घेतलेले पहिले दार वाचकांनी असे ढकलून उघडले.

दुसरे दार अधिक जड होते. हे पुस्तक साम्राज्याच्या काळजीतून जन्मले होते, आणि साम्राज्य राखणारे नागरिक घडवावेत असा हेतू त्यात पानोपानी होता. पण आश्चर्य असे की, बालवीर म्हणजे काय हे सांगताना लेखकाने आरंभीच ज्या मुलाचा दाखला दिला तो लाहोरच्या गल्ल्यांत वाढलेला होता. किपलिंग यांच्या 1901 सालच्या कादंबरीतील किम तो हाच. एका तबकात वीस-तीस बारीकसारीक वस्तू मांडावयाच्या, मिनिटभर पाहू द्यावयाच्या, मग झाकून किती आठवतात ते लिहावयास सांगावयाचे, हा खेळ ‘किमचा खेळ’ म्हणून जगभर खेळला जातो. कादंबरीत किम तो सिमल्याच्या एका जवाहिऱ्याकडे शिकतो. म्हणजे खेळ सिमल्याचा, मुलगा लाहोरचा. पण किम जन्माने एका आयरिश शिपायाचा मुलगा होता म्हणून चालला. खरोखर लाहोरात आणि सिमल्यास जन्मलेल्या मुलांना बालवीर होण्याची मुभा नव्हती!

हिंदुस्थानातील पहिले बालवीर पथक 1909 मध्ये बंगळूरला निघाले. पुढच्या एक-दोन वर्षांत खडकी, लोणावळा, जबलपूर, मद्रास, सिमला येथे पथके झाली. जबलपूरला 1911 मध्ये मुलींची गाइड तुकडीही निघाली. पण या पथकांत प्रवेश फक्त युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांना. खडकीच्या छावणीत गोरी मुले गाठी मारावयास आणि माग काढावयास शिकत होती, आणि नदीपलीकडच्या पुण्यातील मुलाला तीच विद्या निषिद्ध होती. सरकारला भीती कशाची होती हे समजण्यास 1908 हे साल आठवले म्हणजे पुरे. ज्या वर्षी हे पुस्तक निघाले त्याच वर्षी लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेस जावे लागले. हिंदी मुलांना तंबूत राहण्याची, टेहळणीची, एकजुटीने वागण्याची सवय लावली तर उद्या ती क्रांतिकारक होतील, असे अधिकाऱ्यांना वाटे. एका अर्थी ही पुस्तकाला मिळालेली पावतीच म्हणावयाची. पुस्तक मुलाला स्वतंत्र बुद्धीचे बनवते, हे सरकारने ओळखले होते.

परंतु छापलेले पुस्तक कोणाच्या हाती पडावे हे सरकारला ठरवता येत नाही. मद्रासेस डॉ. अ‍ॅनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी 1917 मध्ये हिंदी मुलांसाठी वेगळी बालवीर संघटना काढली आणि त्या मुलांच्या डोक्यावर साहेबी टोपीऐवजी फेटा चढवला. प्रयागेस पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी 1918 मध्ये सेवा समितीचे बालवीर उभे केले. यांतील कुंझरू हे नामदार गोखल्यांनी 1905 मध्ये पुण्यात स्थापिलेल्या भारत सेवक समाजाचे सदस्य. पुढे ते समाजाचे अध्यक्षही झाले. टेहळणीच्या विद्येला येथे नवा अर्थ मिळाला. गंगेच्या मेळ्यांत हरवलेली माणसे शोधणे, बुडणाऱ्यास वर काढणे, आजाऱ्यास उचलून नेणे, ही या मुलांची कामे. साम्राज्याच्या रक्षणासाठी लिहिलेली विद्या यात्रेकरूंच्या सेवेला लागली.

अखेर सरकारलाही नमावे लागले. व्हाइसरॉयच्या निमंत्रणावरून 1921 च्या आरंभी बेडन-पॉवेल हिंदुस्थानात आले आणि बेझंटबाईंची संघटना मूळ संघटनेत सामील झाली. सेवा समितीने मात्र लंडनच्या छत्राखाली जाण्याचे नाकारले. हिंदी मुलांना दार उघडले गेले. मनातील भिंत मात्र पुरती पडली नव्हती. 1937 साली बेडन-पॉवेल पुन्हा येऊन गेले तेव्हा हिंदी लोकांच्या शीलाविषयी त्यांनी काढलेल्या उद्गारांनी वादळ उठले. अनेकांनी मूळ संघटना सोडली, आणि 1938 मध्ये हिंदुस्थान स्काउट असोसिएशन स्थापन झाली. 1941 च्या जानेवारीत बेडन-पॉवेल केनियात वारले. स्वातंत्र्यानंतर, 7 नोव्हेंबर 1950 रोजी, निरनिराळे प्रवाह एकत्र येऊन ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ ही एकच संस्था झाली. पुढच्या वर्षी गाइडच्या मुली येऊन मिळाल्या. लक्षात घेण्याजोगे हे की, ज्यांनी लेखकाशी भांडण केले त्यांनीही त्याच्या पुस्तकातील टोळी, शेकोटी आणि खेळ टाकले नाहीत. लेखकाचा अहंकार तेवढा त्यांनी त्याचा त्यास परत केला.

आमच्या मते या इतिहासाचे सार येथे आहे. चांगल्या पुस्तकाचा कर्ता निर्दोष असावा लागतो असे नाही. मॅफेकिंगच्या मुलांवर विश्वास टाकणारा आणि मॅफेकिंगच्या आफ्रिकनांना कमी धान्य देणारा माणूस एकच होता. पण बेटावर त्याने जे तपासून घेतले ते खरे होते. मूल गोष्टीतून ऐकते, हातांनी शिकते आणि विश्वास टाकला की वाढते. हे लाहोरच्या मुलाबाबत खरे होते तसेच हॅरोच्या मुलाबाबतही. सत्य एकदा कागदावर उतरले की ते लेखकाच्या पूर्वग्रहांचे ऐकत नाही.

शाळांना सुट्या लागल्या की आपल्या घरोघरी मुले दुपारभर हातातल्या फोनवर मान घालून बसलेली असतात अशी तक्रार आम्ही पुष्कळ ऐकतो. त्यांच्यासाठी आपल्या गावाने एखादी मार्गदर्शिका तयार करावी असे कोणास वाटले, तर वरील कथेतून तिला उपयोगी पडेल असे बरेच आहे. ती इंग्रजी पुस्तकाचे भाषांतर असू नये. कर्ल्यूच्या जागी आपली टिटवी यावी, ओकच्या जागी वड आणि पळस यावेत, आणि आपल्या नदीला पूर कोठपर्यंत येतो, आपल्या टेकडीवर पाणी कोठे सापडते, हे तीत असावे. सूरपारंब्या आणि लगोरी यांना तीत मान असावा. ती छापण्यापूर्वी वीस मुले घेऊन आठ दिवस माळावर काढावेत. जे मुलांनी आनंदाने केले ते ठेवावे, जे टाळले ते खोडून टाकावे. किंमत अशी असावी की मुलाला ती आपल्या खाऊच्या पैशांतून घेता येईल. आणि त्या वीस मुलांत मुली असाव्यात, आणि ज्या वस्तीकडे आपण सहसा जात नाही त्या वस्तीतील मुलेही असावीत. तेवढे आपण केले नाही, तर ती मुले आपल्या मागून येऊन दार ढकलतीलच. परंतु त्यांना तशी वेळच येऊ न देणे हे गावाला अधिक शोभेल, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.